सोळावरचा विमा

आर्डिस व्हिटकोमला दुसऱ्याच्या ट्रॉलीत डोकावायची खोड होती. नेवाडातल्या रीनो गावी किराणा दुकानात रांगेत उभी राहिली, की पुढच्या बाईने काय काय घेतलंय ते बघून तिच्याकडे आज कोण जेवायला येणार, नवरा घरात आहे की निघून गेलाय, हे ती मनाशी ठरवून टाकायची. अंदाज चुकला तर दिवसभर चुटपुट लागायची. नवऱ्याला तिने सोडलं तेही या खोडीपायीच, असं म्हणायला हरकत नाही. आयडाहोच्या त्या सज्जन माणसाने अकरा वर्षांच्या संसारात एकदाही कशाबद्दल 'का?' असं विचारलं नव्हतं. घटस्फोट लवकर मिळतो म्हणून सहा आठवड्यांपुरती ती रीनोत आली आणि राहिली ती राहिलीच.

कॉटनवूड क्लब या जुगारखान्यात ती एकवीसच्या टेबलावर पत्ते वाटायची. दिवसपाळीत काम, पायात जाड तळव्यांचे बूट, आणि समोर जगातली नाना तऱ्हेची माणसं. असली नोकरी मिळायला नशीब लागतं, असं ती म्हणायची आणि तिला ते मनापासून वाटायचं.

अशा बाईच्या टेबलावर एमरी थॅकर येऊन बसला, म्हणजे कोडंच चालत घरी आलं.

एमरी ऐंशीला टेकलेला, लांब हाडांचा, डोक्यावर कधीकाळी पांढरी असलेली हॅट. सकाळी न्याहारीच्या वेळी यायचा आणि बसल्या बसल्या तोंड सुरू. विषय एकच: त्याच्या सात कोंबड्या.

"पोरी, पर्लने काल काय केलं सांगू?"

आर्डिस चोपन्न वर्षांची होती. पोरी म्हणणारं आता जगात कोणी उरलं नव्हतं, म्हणून तिला ते आवडायचं.

"सांगा. आणखी एक पान देऊ?"

"दे. तर पर्ल सरळ माझ्या टपालपेटीत जाऊन बसली. पोस्टमनने हात घातला, तर चोच!"

शेजारचे खेळणारे हसायचे, कधी वैतागायचे. एमरी मात्र बोलत बोलत जिंकायचा. रोज नाही, पण महिन्याचा हिशेब धरला तर नक्की. आणि आर्डिसच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

या खेळात एकवीसच्या जवळ जायचं असतं, ओलांडायचं नसतं. पत्त्यांच्या कॅटमधली छोटी पानं निघून गेली की मागे दश्श्या, दहाचीच धरली जाणारी चित्रं आणि एक्के जास्त उरतात, आणि ते खेळणाऱ्याच्या फायद्याचं. म्हणून काही जण मनात मोजतात. छोटं पान पडलं की एक वाढवायचा. दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की एक कमी करायचा. आकडा चढला की पैज वाढवायची. नेवाडात हा गुन्हा नाही. पण क्लबवाले असा माणूस ओळखला की त्याला गोड बोलून बाहेर काढतात. हरणाऱ्याला मात्र फुकट न्याहारी देतात. त्या गावाचा न्याय तो असा आहे.

एमरी मोजत होता हे आर्डिसने पहिल्या महिन्यातच ओळखलं. नियमाप्रमाणे तिने साहेबाच्या कानावर घालायला हवं होतं. पण तिला वेगळाच प्रश्न पडला होता. मोजणारी माणसं गप्प असतात, त्यांचे ओठ हलतात, कपाळाला आठी पडते. हा माणूस तोंडाचा पट्टा चालू ठेवून मोजतो कसा? ते कळेपर्यंत साहेबाला काही सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. मग ती स्वतःच मोजायला शिकली. घरी ओट्याशी उभी राहून, कांदा परतता परतता, पत्ते पालथे टाकत. वाटता वाटता मोजणं जमायला तिला अख्खा हिवाळा लागला.

आणि वसंतात एका सकाळी तिच्या हातातलं पान हातातच राहिलं. तिच्या मनातला आकडा चांगला चढलेला होता आणि एमरी पर्लबद्दल बोलत होता. कॅट पिसली, मग मोठी पानं पडून आकडा खाली घसरला, तर एमरी शेजाऱ्याच्या बस्टर नावाच्या कुत्र्याला शिव्या घालत होता. मधल्या आकड्यांना मधल्या कोंबड्या: मॅटी, ऑपल, लंगडी ड्युसी. त्याची बडबडच त्याची मोजणी होती! आकडा डोक्यात ठेवायची गरजच नव्हती. आपण कुठल्या कोंबडीबद्दल बोलतोय, एवढं लक्षात राहिलं की झालं.

त्या दिवशी आर्डिस इतकी खूश होती, की घरी जाताना दुकानात कोणाच्याही ट्रॉलीत डोकावली नाही.

त्यालाही तिचं कळलं असावं. बोलले दोघंही नाहीत. फक्त अधूनमधून ती विचारायची, "पर्ल बरी आहे ना?" आणि तो हॅटखालून डोळे मिचकावायचा. इतर क्लब का सोडले असं तिने एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "फार अदबीची माणसं. दारापर्यंत सोडायला यायची. साती ठिकाणी." हे सांगताना त्याची छाती फुगली होती.

दोन वर्षं गेली. आणि त्या शरदात गाडी रुळावरून घसरली.

आर्डिसच्या मनातला आकडा खाली तळाशी होता आणि एमरी पर्लच्या अंड्यांची थोरवी गात होता. तिला वाटलं, आपलंच चुकलं. तिने दुसऱ्या दिवशी दुप्पट लक्ष देऊन मोजलं. पुन्हा तेच. पर्लच्या जागी बस्टर, बस्टरच्या जागी ड्युसी. मोठ्या पैजा भलत्याच वेळी लागत होत्या. एमरी हरत होता, आणि का हरतोय हे त्या अख्ख्या गावात एकट्या आर्डिसला ठाऊक होतं. एवढं कुतूहल करून मिळवलेलं ज्ञान असं पदरात पडेल हे तिला कुठे माहीत होतं! तिला रडू आलं, पण टेबलावर रडता येत नाही.

टेबलांवरचा साहेब वेंडल स्प्रॅग मात्र खुलला. त्याने एमरीच्या पाठीवर थाप मारली आणि खिशातून कुपन काढलं. "आजोबा, आजची न्याहारी आमच्याकडून. स्टेक, अंडी, सगळं."

एमरीने कुपनाकडे बघितलं. मग ते हॅटच्या पट्टीत खोचलं आणि कितीतरी वेळ एकाही कोंबडीचं नाव काढलं नाही.

"थोडे दिवस विश्रांती घ्या ना," आर्डिस हळूच म्हणाली.

"कशाला?" तो एकदम उसळला. "पानं फिरतात पोरी. मोजणाऱ्याचेही वाईट महिने येतात. टिकून राहायला गंगाजळी मोठी हवी, बस. सोमवारी बँकेत जातोय. घर गहाण टाकतो. तू बघच."

आता यात चूक काय काढणार? खरा मोजणारा हेच म्हणतो, आणि बहुतेक वेळा त्याचं खरंही असतं. 'तुमची मोजणी गेली' असं त्याला तोंडावर सांगणं तिच्या जिवावर आलं. त्यानंतर त्या माणसाकडे उरलं काय असतं? आणि न सांगावं, तर सोमवारी घर जाणार.

शुक्रवारी सकाळी टेबल उघडायच्या आधी तिने वेंडलला गाठलं. तिनेच त्याला कधीकाळी पत्ते वाटायला शिकवलं होतं, त्यामुळे साहेब वगैरे म्हणायची तिची तयारी नसायची.

"वेंडल, तो थॅकर मोजतो."

"मोजतो? अगं, हरतोय तो! बरी आहेस ना तू?"

"सध्या पानं वाईट आहेत त्याची. उद्या फिरली की वरचे विचारतील, दोन वर्षं कोण झोपलं होतं म्हणून. मी तुझं नाव सांगेन."

"गोड बोलतेस बाई तू सकाळी सकाळी," वेंडल म्हणाला. पण त्या दिवशी तो तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला.

एमरी आला. अर्धी कॅट निघाली. दश्श्या नि चित्रं एकामागून एक पडत होती, आर्डिसच्या मनातला आकडा कधीचा शून्याखाली गेला होता, आणि एमरी रंगात येऊन पर्लच्या गोष्टी सांगत होता. आर्डिसने स्वतःपुढचं पान उघडलं, तर एक्का. अशा वेळी विचारायची रीत असते. वाटणारीचं झाकलेलं पान दश्शी किंवा चित्र निघून तिचे एकवीस होतील असं वाटत असेल, तर आणखी थोडी रक्कम लावून विमा घेता येतो.

"विमा कोणाला?"

साधी माणसं हातात चांगली पानं असली तरच विमा घेतात. एमरीने पैशांऐवजी लावतात त्या चिप्स पुढे सरकवल्या. आर्डिसने झाकलेलं पान हळूच उचलून बघितलं. सत्ती होती. विमा बुडाला. एमरीने आणखी एक पान मागितलं, ते राजा निघालं, एकवीस ओलांडले, आणि त्याने हातातली पानं उताणी टाकली. दश्शी आणि छक्की.

मागे उभा असलेला वेंडल एकदम पुढे सरकला. सोळावर विमा! फालतू हात वाचवायला पैसे कोण लावतो? दश्श्या किती उरल्यात हे मोजणाराच फक्त.

"आर्डिस, पत्ते आहेत तसे ठेव," वेंडल म्हणाला. "बघू दे, किती दश्श्या उरल्यात."

उरल्याच नव्हत्या. एखाददुसरी असेल नसेल. ती पानं उताणी झाली असती, तर म्हातारा आंधळेपणाने खेळतोय हे वेंडलला आणि अख्ख्या टेबलाला दिसलं असतं. पण तोवर आर्डिसने सगळी पानं गोळा करून फर्रकन पिसली होती.

"अय्या, सवयीने झालं बघ."

वेंडलने तिच्याकडे रोखून बघितलं. अशी चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती. मग त्याने एमरीकडे बघितलं, कोट सारखा केला, आणि आवाज खाली आणला.

"थॅकरसाहेब, माफ करा. तुमचा खेळ आम्हाला झेपणारा नाही. यापुढे एकवीसच्या टेबलावर बसू नका."

एमरी हळूहळू उठला. उठता उठता पाठ ताठ होत गेली. हॅटच्या पट्टीतलं ते कुपन काढून त्याने वेंडलच्या हातात ठेवलं. "हे हरणाऱ्यांसाठी असतं ना? ठेवा. लागेल कोणाला तरी." मग आर्डिसकडे झुकला. "काय नडलं गं?"

"सोळावरचा विमा."

"हात तिच्या! नवशिक्यासारखी चूक," तो म्हणाला. चेहरा मात्र लग्नातल्या नवरदेवासारखा फुलला होता. "आठवा क्लब, गावातला शेवटचा. आणि तू ये रविवारी, अंडी देतो."

वेंडल त्याला दारापर्यंत अदबीने सोडून आला.

रविवारी आर्डिस गेली. खरं तर कोंबड्या आहेत तरी का, हे तिला बघायचंच होतं. होत्या. सातच्या सात. घराला रंग हवा होता, पण घर त्याचंच होतं. कुंपणापलीकडून बस्टरचा मालक ओरडला, "काय हो बाई, याला खरंच हाकललं? हा सांगतोय, याच्या हुशारीला घाबरले म्हणून!"

"मीच वाटत होते पत्ते," आर्डिस म्हणाली. "सगळे घाबरलो होतो."

एमरीने मान डोलावली आणि तिला कुंपणाच्या आत नेलं. "ही बघ पर्ल," म्हणत त्याने तांबडी कोंबडी उचलून तिच्या हातात दिली. थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या पांढरीकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ती पर्ल."

आर्डिसने दोघींकडे नीट बघितलं. पांढरी लंगडत होती.

"हो, दिसतेय ना," ती म्हणाली आणि अंडी वेचायला वाकली.