आजीच्या गुलबक्षीचे पट्टे

माझी मावशी फुलांची लग्नं लावायची. बागेच्या काचघरात तिची नोकरीच ती. कळी उमलायच्या आधी चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या फुलाचे परागकण ब्रशने लावायचे, वर कागदी पिशवी बांधायची. संध्याकाळी काचांवर वाफ धरायची, उजेड हिरवा व्हायचा आणि मावशी त्यात पाण्याखालून चालल्यासारखी हळूहळू फिरायची.

कोपऱ्यातल्या कुंडीत आजीची गुलबक्षी होती, पानांवर पांढऱ्या पट्ट्यांची. आजी गेली, तिच्या हातचं एवढंच उरलं. आता कंद सडत चालला होता, फांद्या लावल्या तरी रुजत नव्हत्या. पट्टे राहावेत म्हणून मावशीचा जीव तुटायचा. पण "म्हातारीला बाळंतपण झेपायचं नाही" म्हणून ती तिचे नुसते परागकण घ्यायची आणि धडधाकट हिरव्या झाडाला लावायची. तीन वर्षं रोपं आली ती सगळी हिरवीगार.

शेवटी तिने मला, घरातल्या शिकलेल्या भाचीला, विचारलं.

"अगं, परागकणातून पट्टे येणारच नाहीत," मी म्हटलं. "पट्टे म्हणजे पानातल्या हिरव्या आणि रंग गेलेल्या कणांची सरमिसळ. त्या कणांना स्वतःचा डीएनए असतो, बांगडीसारखा गोल. गुलबक्षीत तो आईकडूनच येतो, बापाकडून नाही."

"खाण तशी माती म्हण की! मग तीन वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तू विचारलंस कधी? आणि आपल्यातही असतो तसा. पेशीला बळ देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात. आजीचा तुझ्यात, माझ्या आईत, आईकडून माझ्यात."

मावशीने माझं मनगट धरून, आजीची बांगडी शोधावी तसं, उलटसुलट बघितलं.

पट्टेदार फांदीवर शेवटच्या पाच कळ्या होत्या. या वेळी तिने हिरव्या झाडाचे परागकण त्यांना लावले. दोन गळल्या. उरलेल्या तिघींच्या बिया काळ्या होईपर्यंत म्हातारी तगली, मग आठवड्यात वाळून गेली. मावशी रडली. मीही रडले.

रोपं वर आली त्या दिवशी ती दारातच थांबली. "तू बघ. मला धीर होत नाही."

पहिलं हिरवं. दुसरं कागदासारखं पांढरं, म्हणजे चार दिवसांचं पाहुणं. तिसऱ्याच्या कोवळ्या पानावर नखाएवढा पांढरा पट्टा.

"मावशी, ये."

तिने चष्मा पुसला, बोटाने पान अलगद उचललं.

"आलीस का गं आई?" ती म्हणाली. "एवढ्या म्हातारपणी राबवलं तुला."