क्लीनरच्या जागेवर

ट्रकवाल्याची बायको म्हटलं की लोकांना वाटतं, हिनं सगळा मुलूख पाहिला असणार. मी लग्नानंतर इतक्या वर्षांत नवऱ्याच्या ट्रकमधून एकदाच प्रवास केला, जिंतूर ते परभणी, आणि तेवढा मला जन्माला पुरला.

भावाच्या लेकीच्या बारशाला मी जिंतूरला, माहेरी गेले होते. परतायच्या वेळेला डायव्हर लोकांचं आंदोलन सुरू झालं. नवा कायदा येणार होता. गाडीखाली माणूस मेला आणि डायव्हर पळून गेला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत कैद. पंपावर डिझेल नाही, एसटीचा पत्ता नाही. आमचे हे सिमेंट उतरवून रिकामी गाडी घेऊन परभणीला निघाले होते. त्यांच्या लोकांचं ठरलं होतं की सगळ्या गाड्या एकामागं एक लावायच्या आणि परभणीपर्यंत मुद्दाम हळू हाकायच्या. मागचा सगळा रस्ता तुंबला पाहिजे.

"क्लीनर तापानं पडलाय. त्याच्या जागेवर बस," हे म्हणाले. "डाव्या अंगाचं मला काई दिसत न्हाई. कुणी आत घुसायलं की दारावर जोरात थाप मार."

"आन न्हाई मारली तर?"

"तर मंग दहा वर्सं डबा घिऊन येत जा जेलात."

स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसले. मला मेलीला घाम फुटला होता.

त्याला कारण होतं. आमच्या गल्लीतला एक डायव्हर मागं एका अपघातानंतर थांबला होता. पडलेल्याला उचलायला म्हणून खाली उतरला, आणि जमलेल्या लोकांनी त्यालाच मारला. घरी आला तो चादरीत गुंडाळून. त्याच्या बायकोचं रडणं आमच्या भिंतीतून ऐकू येत होतं. त्याच आठवड्यात हे खेपेला निघाले तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला. "काई बी झालं तरी थांबायचं न्हाई. पळायचं. मागं वळून बघायचं न्हाई. तुमाला माझ्या गळ्याची शपथ हाय." तेव्हाही हे हसले होते, पण शपथ घेतली होती.

तर आम्ही निघालो. बैलगाडी शेजारून निघून गेली असती असा वेग. मला आपलं वाटलं होतं, हळू जाणारी गाडी काय कुणाचं वाईट करणार? तसं नसतं. वेगात जाणाऱ्या ट्रकला माणूस भिऊन असतो, लांब राहतो. हळू चाललेल्या ट्रकला कुणी भीत नाही. जो तो वैतागून जागा मिळेल तिथून घुसतो. साईडपट्टीवरून मोटारसायकली माझ्या पायाखालून गेल्यासारख्या जात होत्या. कुणाच्या मागं बाई, बाईच्या मांडीवर लेकरू. मी थापा मारून मारून तळहात लाल केले. मागं हॉर्नचा नुसता कालवा. एक जीपवाला शेजारी येऊन आईबहिणीवरून बोलून गेला. हे समोर बघून चालवत राहिले. मी म्हटलं, "पुरं झालं, जाऊ द्या आता नीट." ते म्हणाले, "समदे चाललेत तसंच जायचं." त्यांचा आवाज बारीक झाला होता. तेही घाबरलेत हे कळलं, आणि मी आणखी जोरानं थापा मारायला लागले.

बोरी मागं पडली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, पुरुषभर उंच. तेवढ्यात एक म्हातारा मोटारसायकलवरून डावीकडून आला. मागं दोन्ही बाजूंना हिरव्या चाऱ्याचे हे एवढाले भारे. मी थाप मारली, ओरडले. भारा ट्रकला घासला, त्याची गाडी डुचमळली आणि म्हातारा दिसेनासा झाला. करकर असा आवाज आला. ट्रक जागच्या जागी थांबला.

मी खिडकीतून वाकून बघितलं. चाकापाशी चाऱ्याचा ढीग होता, गरगर फिरणारं मोटारसायकलचं चाक होतं आणि एक चप्पल होती. माणूस नव्हता.

"अवं, गेला तो," असं म्हणत मी वळले, तर डायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं. हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू आणि सीट रिकामी. पलीकडं ज्वारीची कणसं हलत होती. हलत हलत आत आत जात होती.

मागच्या गाड्यांमधले लोक धावत आले. सकाळपासून अडकलेले, आधीच पेटलेले. एक दगड समोरच्या काचेवर बसला. "डायव्हर कुठंय? ओढा त्याला भायेर!" कुणाच्या तरी हातात टॉमी होती, चाक खोलायची लोखंडी कांब. मला उतरता येईना. मी रडत होते वाटतं. पण ज्वारी अजून हलत होती आणि एकदोघांची नजर तिकडं वळायला लागली होती. ती नजर मला दगडापेक्षा भयंकर वाटली. मी सरकून त्यांच्या सीटवर बसले, स्टिअरिंग धरलं आणि ओरडले, "मीच हाय डायव्हर! मीच चालवायले!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. साडीतली बाई, स्टिअरिंगला मिठी मारून बसलेली. "खोटं बोलायलीय," कुणीतरी म्हणालं. टॉमीवाला पायरीवर चढला. त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात खालून शिव्या ऐकू आल्या. चाऱ्याखालून म्हातारा उठत होता. कोपर सोलवटलं होतं, बाकी धड. भारा अंगावर पडला आणि त्याच्यामुळंच तो वाचला. उठल्याबरोबर त्यानं आपली चप्पल शोधली आणि सगळ्यांच्या नावानं बोंब मारली, "आरं, म्हशी उपाशी हायत माज्या! चारा उचलू लागा आधी!" लोकांचा जोर ओसरला. टॉमीवाला उतरला आणि तोच भारा बांधू लागला. मागच्या ट्रकचा डायव्हर वर आला, मला म्हणाला, "वैनी, सरका," आणि आमची गाडी पुढं घेऊन कालव्यापाशी उभी करून गेला.

बऱ्याच वेळानं हे बांधावरून चालत आले. केसांत फुलोरा, हातांवर पात्यांचे ओरखडे. पाण्यात भिजल्यासारखा शर्ट. मला बघून आधी विचारलं, "मेला का?"

"न्हाई. कोपर फुटलं."

ते मटकन खाली बसले. मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "बायकूला लोकांच्या हवाली करून पळालात! एकदा मागं तरी बघायचं."

ते वर न बघता म्हणाले, "तूच तर म्हनली हुतीस, बघायचं न्हाई. तुज्याच गळ्याची शपथ हुती."

कालव्याचं पाणी चाललं होतं.

"मंग सुटली म्हन," ते म्हणाले. "आत्ता म्हन, शपथ सुटली. पुढच्या टायमाला थांबतो."

मी तोंड उघडलं. तेवढं एक 'सुटली' म्हणायचं होतं. पण मला टॉमीवाल्याचं तोंड दिसलं, भिंतीपलीकडची बाई ऐकू आली, आणि शब्द काही बाहेर पडेना.

तो कायदा सध्या थांबवलाय म्हणतात. आमच्या घरात काही बदललं नाही. हे खेपेला निघतात, पायरीवर पाय ठेवतात आणि क्षणभर माझ्याकडं बघत थांबतात. ते कशाची वाट बघतात हे मला चांगलं माहीत असतं. मी म्हणते, "सावकाश जावा." मग गाडी निघून जाते.