नारळासाठी अडलेल्या ताडपत्र्या

त्या ताडपत्र्यांची केस आठवली की आजही माझं डोकं फिरतं. संपात गिरण्या बंद पडून तीन-चार वर्षं झाली होती. मी घाटकोपरच्या बाजूला एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. भर पावसाळ्यात कोकणातल्या एका वाडीवर दरड कोसळली. घरं गेली. वाचलेली माणसं शाळेत जाऊन बसली, तर शाळेचंही छप्पर गळत होतं. त्या वाडीतले बरेचजण आमच्या हद्दीतल्या चाळींत राहायचे. एस.टी.चा ड्रायव्हर सांगेल तेवढीच त्यांना खबर. तरी त्यांच्या मंडळानं दोन दिवसांत चाळीस ताडपत्र्या जमवल्या. इथपर्यंत सगळं झकास.

पण मंडळात दोन पक्षांचे दोन गट. ट्रकपुढे नारळ कुणाच्या साहेबांनी फोडायचा, यावर सहा दिवस भांडण! माल मंडळाच्या खोलीत पडून. सातव्या दिवशी खोली रिकामी. दोन्ही गटांचे पुढारी एकमेकांविरुद्ध तक्रार द्यायला ठाण्यात हजर.

“ह्यांनीच उचललाय माल, लिहून घ्या!”

“तू गप रे! तुझ्या पक्षाचा धंदाच तो!”

दोघांना दोन बाकांवर बसवून मी बाहेर पडलो. एवढा आरडाओरडा करणारा माणूस सहसा चोर नसतो. नाक्यावरच्या हातगाडीवाल्यानं टीप दिली की, मंडळाच्या म्हाताऱ्या रखवालदारानं सकाळी त्याच्याच गाडीवरून गठ्ठे ट्रान्सपोर्टच्या गोदामात नेले. दुपारी रखवालदाराला समोर बसवला. संपात नोकरी गेलेला गिरणी कामगार. दम द्यायची गरजच पडली नाही.

“व्हय साहेब, मीच न्हेलंय. माझी भैण शाळेत बसली हा. वरसून पाणी गळता. ह्येंचो नारळ कधी फुटतलो?”

“ट्रक कधी सुटणार?”

“सांजच्याक, पाच वाजता.”

घड्याळात तीन वाजले होते. त्याच शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो होतो. कुणी आपल्या गटात ओढू नये म्हणून हे मी सगळ्यांपासून लपवलं होतं. दोन तास ढिलाई केली असती तर माल वाडीला गेला असता. पण मला केस फोडायची घाई. गोदामात पंचनामा केला, गठ्ठ्यांना लाखेचं सील लावलं, रखवालदारावर चोरीचा गुन्हा नोंदवला. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

मग खरी वाट लागली. ताडपत्र्या झाल्या मुद्देमाल आणि कोर्टात दोन्ही गटांनी त्यांवर हक्क सांगितला.

“एकत्र अर्ज द्या हो, माल लगेच सुटेल,” मी अक्षरशः हात जोडले.

“आधी त्यांनी सही करावी!” दोन्हीकडून हेच उत्तर.

तारखांवर तारखा पडल्या. पावसाळा संपला तरी ताडपत्र्या आमच्या मुद्देमालाच्या खोलीत, एकदम कोरड्या. त्या पुढाऱ्यांचा राग येतोच, पण त्याहून जास्त स्वतःचा येतो. माल कुणी नेला हे मी चार तासांत शोधलं. तो कुठे चाललाय, हे ऐकूनही त्याचा क्षणभरही विचार केला नाही. पुढे नोकरीभर मी तो प्रश्न आधी विचारत गेलो.

वाडी रिकामी झाली. रखवालदाराची बहीण कायमची भावाच्या खोलीत राहायला आली. त्याच्या तारखेला ती कोर्टाबाहेर भेटली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

“झिला, तू खयचो रे? तोंडवळो वळखीचो दिसता.”

“इथलाच, मावशी. घाटकोपरचा,” मी म्हणालो.