रोमन वजरी

सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला आल्या आणि पंधरा दिवसांत कंटाळल्या. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, स्वतःचे शर्ट इस्त्री करतो, डबा भरतो, मोज्यांच्या जोड्यासुद्धा लावून ठेवतो. "याला आता माझी काही गरजच उरली नाही गं," त्या एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. मला वाईट वाटलं, म्हणून मेथीचा वाफा करायला मी त्यांना मागच्या बागेत नेलं.

वाफ्यातून आधी खापरंच निघाली. लाल, गुळगुळीत, एकावर तर पळणारा ससा. नवऱ्याने त्याच दुपारी पुरातत्त्व खात्याला मेल टाकली. नियमांच्या बाबतीत तो जर्मनांनाही लाजवतो. खात्याच्या बाई आल्या, तुकडे कागदावर जुळवले आणि हा रोमन काळातला वाडगा आहे म्हणाल्या. तळाचा एक तुकडा तेवढा कमी होता. नवीन खणू नका, पण काढलेल्या मातीत बघा, गुरुवारी येते, असं सांगून त्या गेल्या.

तो तुकडा कुठे आहे ते मला माहीत होतं. बाथरूममध्ये, सासूबाईंच्या साबणाशेजारी. इथल्या कोरड्या हवेने त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, वजरी पुण्यातच राहिली होती, आणि या तुकड्याची तुटकी कड हवी तशी खरखरीत होती. मी गप्प बसले. लग्नाला आठ वर्षं झाली, पण आम्हा दोघींचं मिळून एक गुपित असं पहिल्यांदाच होतं. ते मला सोडवेना.

शनिवारी नवऱ्याने मातीच्या ढिगावर दोऱ्या लावून चौकोन पाडले आणि माझी पिठाची चाळण घेऊन एकेक चौकोन चाळायला बसला. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत पोट धरून हसलो. रविवारी पाऊस लागला तरी त्याचं चालूच. दुपारी त्याचा पडलेला चेहरा पाहून माझं हसू आटलं. सासूबाईंचं माझ्याआधीच आटलं होतं. त्या बाथरूममध्ये जाऊन आल्या, पायात माझे बूट अडकवले आणि बाहेर गेल्या. आधी डोकं पूस म्हणून त्याला घरात पिटाळलं. तो टॉवेल शोधत असताना त्या शेवटच्या चौकोनाशी वाकलेल्या मला दिसल्या.

तो परत बाहेर गेला आणि दहा मिनिटांत हाक आली, "आई, सापडलं." मला नाही बोलावलं, खात्यालाही नाही कळवलं. चिखलाच्या हातांनी तुकडा नाचवत तो थेट आईकडे धावला.

गुरुवारी बाईंनी ती कड निरखून पाहिली. एवढीच कड इतकी झिजलेली कशी, असं त्यांनी विचारलं. नवऱ्याने माती, पाणी आणि दोन हजार वर्षं यांवर लहानसं व्याख्यान दिलं. मी अगदी गंभीरपणे "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाले आणि बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

त्या गेल्यावर सासूबाई टाचांना तूप चोळत बसल्या. "शाळेत असताना याची कंपासपेटी रोज हरवायची," त्या हळूच मला म्हणाल्या. "मी शोधून याच्या डोळ्यांसमोर ठेवून द्यायचे. तेव्हाही हा असाच मला दाखवायला धावत यायचा."