कड असलेलं फूल

सोलापुरी चादरीवरची फुलं ग्राफपेपरवर चौकोन रंगवून काढायची, हे माझं वीस वर्षांचं काम. एक चौकोन म्हणजे एक धागा. आणि प्रत्येक फुलाला काळी कड हवीच, नाहीतर फूल उठत नाही, असं मी नव्या पोरांना दटावून सांगायचो.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाला वेगळीच चादर हवी होती. मालकांनी मला एक रंगीत प्रिंट दिली. फ्रान्सच्या कुणा जुन्या चित्रकाराचं चित्र, फुलदाणीत फुलं. असल्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणतात, असं मालक म्हणाले. मला तर नुसते रंगाचे फटकारे दिसले. मी प्रत्येक फुलाला नीट कड घातली. नमुना विणून आला तो रुखवतातल्या प्लास्टिकच्या फुलांसारखा. मालक म्हणाले, "मास्तर, हे ते नाही."

तोंड कडू करून घरी आलो आणि प्रिंट खुर्चीला टेकवून ठेवली. बायको उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. ती विणकराच्या घरातली, मागावरच वाढलेली. तिथूनच म्हणाली, "ह्याला कडाच न्हाईत की. फुलं सुकायच्या आत घाईनं काडल्यात. उबा धागा लाल, आडवा पिवळा टाकला की लांबनं केशरी दिसतो न्हवं, तसं केलंय त्यानं. तुमी लई जवळनं बगताय."

माझा नुसता जळफळाट झाला. दुसऱ्या कुणाचा हेवा सांगता तरी येतो, बायकोचा कुणाला सांगणार? "तुला काय कळतंय त्यातलं," असं म्हणालो. ती पुन्हा मेथी निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी मी कडा काढून टाकल्या. लाल चौकोनाशेजारी पिवळा भरत गेलो. चादर विणून आली तेव्हा मालक चार पावलं मागं सरले आणि बघतच राहिले.

"मास्तर, हे सुचलं कसं?"

"लांबून बघितलं," मी म्हणालो. तिचं नाव काही तोंडातून निघालं नाही.

त्यांनी एक चादर मला घरी दिली. बायकोनं ती पलंगावर अंथरली, उंबऱ्यापर्यंत मागं गेली आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

"चांगली झाली," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या फुलाला तेवडी कड ऱ्हायली बगा."

कारखान्यात ती कड कुणालाच दिसली नव्हती. ती मी मुद्दाम ठेवली होती, त्यातलं एक तरी फूल माझं असावं म्हणून.