सुतारपक्ष्याची ठकठक

माझ्या धाकट्या भावाची अख्खी नोकरी वनखात्यात पायपीट करण्यात गेली. जिथं सुतारपक्षी, तिथली जुनी पोकळ झाडं राखायची आणि बाकीची तोडायची, असा खात्याचा आराखडा. यंदा टेकडीवर त्याला ठकठक ऐकूच आली नाही.

"पक्षी गेले, ताई. तसंच कळवतो."

"दारावरची बेलही तुला ऐकू येत नाही. ती गेली का?" मी म्हटलं आणि या वयात त्याच्यासोबत तंगडतोड करत वर गेले. पोचलो, तर डोक्यावरच ठकठक चाललेली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आहे?"

मी होकारार्थी मान हलवली. तो थकून ओंडक्यावर बसला. मग त्यानं साहेबांना फोन लावला.

"पक्षी आहेत, झाडं राखा. ऐकायला मात्र दुसरा माणूस बघा."

पलीकडचं उत्तर ऐकण्याच्या फंदात तो पडला नाही.