वरच्या रांगेतल्या गोवऱ्या

तुमच्या परसात किती जातीचे टमाटे होतात, असं कुणी आमच्या मालकांना विचारलं, की ते हसून सांगायचे, "लाल." सात-आठ जाती लावायचे मी, आणि ह्या माणसाला दिसायचा तो लाल. ताटात मात्र बरोब्बर ओळखायचे. आमटीला कुठला घातलाय ते पहिल्या भुरक्याला कळायचं, पण तो झाडाला लागतो कसा, त्याचं बी येतं कुठून, याच्याशी काही घेणंदेणं नाही.

परळीत आमचं घर गावाच्या कडेला. मागं म्हशीचा गोठा, गोठ्याच्या भिंतीवर गोवऱ्या, आणि भिंतीपुढं माझे टमाटे. एक हळदीसारखा पिवळा. एक काळपट, कापला की आतून जांभळा. एक बोराएवढा, तो पोरं येताजाता तोंडात टाकायची. एक पिकला तरी हिरवाच, त्याला बोटानं दाबून बघावं लागायचं. वीजकेंद्राच्या चिमण्यांकडून वारा सुटला की सगळ्यांच्या पानांवर राख बसायची. मी फडकं ओलं करून पानं पुसायचे, तर शेजारीण कुंपणावरून विचारायची, "बाळंतिणीचं करायलीस का काय?" करते, म्हटलं. तुझ्या का पोटात दुखतंय?

या जाती मला बाजारातल्या बागवान चाचांनी मिळवून दिल्या. हैदराबादकडच्या गाडीत कधी एखादा वेगळाच टमाटा निघायचा, तो ते बाजूला काढून ठेवायचे. मी दिसले की हाक मारायचे, "हौ बेटी, ये देखो, नवा मेहमान आया." पुढं त्याच्या झाडाचं पहिलं फळ मी त्यांना नेऊन द्यायचे. ते हातात घेऊन उलटंसुलटं बघायचे, वास घ्यायचे. माझ्या टमाट्याचा वास घेणारा अख्ख्या परळीत तो एकच माणूस.

पण ही झाली हौस. माझा खरा टमाटा एकच, माझ्या मायचा. माहेरी, धर्मापुरीला, आमच्या न्हाणीच्या पाण्यावर ती तो लावायची. चपटा, सुरकुतलेला, पातळ सालीचा, आणि आंबट इतका की जीभ चुरचुरावी. बाजारात कुणी हातात धरणार नाही असं त्याचं रूप. येसराच्या, म्हणजे भाजक्या धान्या-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीत पडला की मग कळायचं. माय गेली तेव्हा निघताना मी तिच्या भिंतीवरची एक गोवरी पिशवीत घालून आणली, कारण तिच्यात त्याचं बी होतं. पुढच्या सालात भावानं परसात खोल्या बांधल्या, न्हाणीचं पाणी गटारात सोडलं. संपलं. धर्मापुरीत मी घरोघर विचारून आले, तो टमाटा आता कुणाकडंच नाही. माहेरचं शेत मला मिळालं नाही, सोनंही नाही. नको होतं असं म्हणून मोठेपणा कशाला मिरवू, हवं होतं. मिळाला तो हा टमाटा. माझ्या हातून त्याचा वंश बुडू नये, एवढंच मला वाटायचं.

आता गोवरीत बी कसं, तर ती मायची रीत. आमच्याकडं उन्हाळ्यात टमाटा जगत नाही. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, माणसांनाच पुरत नाही. म्हणून चैत्रात झाडं उपटायची आणि बी धरायचं. नुकत्या थापलेल्या ओल्या गोवरीवर पिकल्या टमाट्याचा गर चोळायचा, वर चुलीतली राख भुरभुरायची, आणि गोवरी भिंतीवरच वाळू द्यायची. मृगापर्यंत तिला हात लावायचा नाही. मृगाला ती काढून मातीत कुस्करली की रोप तयार. मी एकदा शहाणपणा करून कागदाच्या पुड्यांत बी ठेवून बघितलं होतं, सगळ्याला बुरशी आली. कुठल्या गोवरीत काय, ते कळायला ओलं असतानाच खूण करायची. पिवळ्याच्या गोवरीत हळकुंडाचा तुकडा, काळ्याच्या गोवरीत कोळसा. मायच्या टमाट्याच्या गोवरीवर मी माझ्या बांगडीचा ठसा उठवायचे.

भिंत मात्र आत्याबाईंची. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. गोवऱ्या त्या थापणार, त्याच मोजणार, त्याच चुलीत घालणार. माझ्याशी त्यांचं लग्नापासून वाकडं, आणि टमाट्यांशी तर उभा दावा. "माज्या गोवऱ्या मसणात गेल्या, पर तुजं टमाट्याचं याड काई जाईना," असं सकाळ-संध्याकाळ चालायचं. सांधे धरतात म्हणून त्यांनी माझा एक टमाटा कधी तोंडात घातला नाही. तरी बियांसाठी मी जागा मागितली तेव्हा पत्र्याखालची सगळ्यात वरची रांग त्यांनी मला दिली. "ती तुज्या माहेरची. तिला कुनी हात लावला तर हात मोडीन." आणि खरंच, होळीला गल्लीतली पोरं गोवऱ्या मागायला आली की ही बाई काठी घेऊन भिंतीपुढं उभी राहायची. मायेपोटी नव्हे. भिंत तिची होती, शब्द तिचा होता. पण पाळला, हे मी नाकारत नाही.

त्या वैशाखात आत्याबाई गेल्या. दोन दिवस पडून होत्या, तिसऱ्या दिवशी दुपारी संपलं. घर माणसांनी भरलं. मी बायकांत बसून होते, डोळ्याला पदर लावून, पण डोळे कोरडे. काय करू, आणून येतं का रडू? नणंदा तिरक्या नजरेनं बघत होत्या, ते मला कळत होतं.

तिकडं मागच्या अंगाला काय चाललंय ते मला नंतर समजलं. आदल्या आठवड्यात अवकाळी झाला होता, रचून ठेवलेल्या गोवऱ्या भिजलेल्या. सरणाला कोरड्या पाहिजेत. तर आमचे मालक म्हणाले, "भितीवरच्या काढा. आईनं थापल्यात, आईलाच लागू द्या." ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले म्हणे. पत्र्याखालची रांग सगळ्यात कोरडी, ती आधी निघाली.

तिरडी उचलली, माणसं गेली. आत्याबाईंना जिथं ठेवलं होतं ती जागा सारवायला शेण आणावं म्हणून मी परसात गेले. भिंत मोकळी. वरच्या रांगेच्या जागी नुसते गोल डाग. खाली मातीत हळकुंडाचा एक तुकडा पडला होता.

मी पळत दारापर्यंत गेले. गल्ली रिकामी होती, आणि बाईमाणसानं मागं कुठवर जायचं! तिथंच उंबऱ्यात बसले आणि असा हंबरडा फोडला की बायका धावत आल्या. छाती बडवून घेतली, डोकं आपटलं. "गेलं गं माजं, सगळं गेलं," एवढंच तोंडातून निघत होतं. चौघींनी मला धरलं. एक चुलत सासू म्हणाली, "पोटच्या पोरी रडल्या न्हाईत येवडी सून रडली. सून आसावी तर आशी." नणंदांनी येऊन मला मिठी मारली. त्या मिठीत माझा जीव गुदमरत होता. सांगणार काय? आणि कुणाला, त्या दिवशी?

बागवान चाचा तेराव्यानंतर भेटायला आले. त्यांना मी परसात नेऊन भिंत दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. "ओ आंबटवाला भी?" हो म्हटलं. बी ठेवलंय का कुठं, दर साली फळं देत होते तुम्हाला? म्हातारा मान खाली घालून म्हणाला, "हमने तो खा डाले बेटी. मालूम था तुम हो, तो बीज किसलिए रखना." त्यांचं खोटं नव्हतं. मीसुद्धा तसंच समजून होते, की भिंत राखायला आत्याबाई आहेत.

मृग आला आणि गेला. मी काही लावलं नाही. मालकांनी विचारलं नाही. पाहुण्यारावळ्यांत मात्र सांगत राहिले, "आईवर हिचा लई जीव. त्या दिवशी हिला आवरता आवरना." मी चहा ठेवायला उठायचे.

मग थंडीत एका रात्री येसराची आमटी केली, बाजारचा टमाटा घालून. मालकांनी एक भुरका मारला आणि वाटी खाली ठेवून म्हणाले, "चव न्हाई. तुजा त्यो आंबट टमाटा कावून न्हाई घातला?"

मग मात्र माझं डोकं सटकलं. "तो जळाला. तुमच्या आईसंगं. वरच्या रांगेत बी होतं त्याचं, दर साली सांगत होते तुम्हाला, तुमच्या हातानं काढून नेलं तुम्ही."

ते हळूच म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी तू टमाट्यासाठी रडलीस?"

"मायसाठी रडले," म्हटलं. "माझी माय गेली तेव्हा दुसऱ्याच दिवशी मला न्यायला आला होता तुम्ही, म्हशीची धार कोण काढणार म्हणून. तेव्हाचं राहिलं होतं."

त्यांनी खाली मान घालून आमटी संपवली, भाकरीचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवला, उठून हात धुतले. टॉवेलाला हात पुसत म्हणाले, "उद्यापासून चिंच घालत जा."